त्या लगीनसराईत शरूसाठी बघितलेलं स्थळ

उसाच्या ट्रॉल्या विरळ होत जातात, कारखान्याकडून येणारा मळीचा वास एक दिवस येईनासा होतो, आणि आमच्या उंब्रजमध्ये दुसरा हंगाम उभा राहतो. लगीनसराई. मी ब्लाउज शिवते, त्यामुळे पंचांग न उघडताही मला ती कळते. पुढच्या खोलीतल्या खाटेवर ब्लाउजपिसांचा ढीग चढत जातो. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास पडद्याला, उशीला, माझ्या केसांनाही चिकटतो. माप द्यायला आलेल्या बायका मापापुरत्या थांबत नाहीत. हात वर करून उभी असलेली बाई जितकं बोलते तितकं एरवी कुणी बोलत नसेल. कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं, कुणाला पुण्याचा मुलगा हवा आहे आणि कुणाला शेतीवाला नको आहे, हे सगळं माझ्या टेपला आधी कळतं आणि गावाला मागून.

यंदाही सराई लागली आहे. परवा मसूर गावची एक बाई लेकीचे सात ब्लाउज घेऊन आली होती. तिनं घरभर नजर फिरवली आणि म्हणाली, "तुजी शरू कुठं दिसत न्हाई ती?"

"कॉलेजला आहे. हॉस्टेलवर असते," मी म्हटलं. माझ्या तोंडात टाचण्या होत्या, तरी हे वाक्य मी स्पष्ट म्हणते. मला ते म्हणायला आवडतं. बाईच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघायलाही आवडलं, खोटं कशाला बोलू.

शरू म्हणजे शर्वरी, माझी एकुलती एक मुलगी. ती तीन वर्षांची असताना साताऱ्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितलं आणि मराठीत त्याला स्वमग्न म्हणतात असंही सांगितलं. मला तो मराठी शब्द आजवर पटलेला नाही. मग्न कसली? आम्हाला ऐकू न येणारं सगळं तिला ऐकू येत असतं. शेजारच्या घरातला कुकर शिट्टी मारायच्या आधी तिचे हात कानांवर गेलेले असतात. नवा माणूस भेटला की ती आधी त्याचा हात हुंगते. चपाती, पुस्तक, कापड, काहीही हातात घेण्याआधी नाकाशी नेते. बोलते थोडं, आणि जे बोलते ते बहुतेक आपलंच परत देते. "चहा पाहिजे का?" असं विचारलं की "चहा पाहिजे का" असंच म्हणते, आणि त्यातलं हो कुठलं आणि नुसता पडसाद कुठला हे घरातल्यांना तिच्या हनुवटीवरून ओळखावं लागतं. शिलाई मशीनचा आवाज मात्र तिला फार प्रिय. लहानपणी ती माझ्या मशीनच्या पायडलजवळ फरशीवर झोपायची, आणि मी दोरा संपला तरी उगाच मशीन चालवत राहायचे.

मी सांगते आहे त्या लगीनसराईत ती सोळा पूर्ण करून सतराव्यात गेली होती. कराडला ती जात होती ती विशेष मुलांची शाळा त्या वर्षी संपणार होती. पुढं काय, या प्रश्नाला आमच्याकडं एकच उत्तर तयार होतं. घरी. घर आहे, ऊस आहे, खायला आहे, माणसं आहेत. तिच्या शाळेतल्या शिक्षिकेनं मात्र मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "अशा मुलांसाठी राहून शिकायची कॉलेजं असतात. काम शिकवतात, स्वतःचं स्वतः जगायला शिकवतात. तुम्ही आहात तोवरच बघा. नंतर कोण बघणार?" एसटीत बसून घरी येईपर्यंत मी त्या बाईवर चिडले होते, आणि घरात पाय टाकताना मला कळलं होतं की ती बरोबर बोलली.

शरूचे पप्पा फौजेत. तेव्हा त्यांचं पोस्टिंग दूर, पूर्वेकडच्या डोंगरात होतं. फोनवर सगळं ऐकून ते म्हणाले, "बघ तू. तुला पटलं की मला पटलं." हे वाक्य नवऱ्यांना कुठल्या ट्रेनिंग सेंटरात शिकवतात ते मला एकदा बघायचं आहे.

घरात कर्ते आबा, म्हणजे माझे सासरे. तेही फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मिशा पांढऱ्या, पण चाल अजून परेडची. त्यांच्यासमोर मी विषय काढला तेव्हा ते जेवत होते. हातातली भाकरी त्यांनी ताटात ठेवली. "पोरीला घराभाईर ठिवायची? आमी काय मेलोय व्हय?" म्हणाले आणि उठून उसात गेले. आमच्याकडं राग आला की पुरुष उसात जातात. ऊस उंच असतो, आत गेलेला माणूस दिसत नाही.

मग आबा वळले कसे? प्राजूमुळं. प्राजू म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंची, अक्कांची मुलगी. शरूपेक्षा सहा वर्षांनी मोठी. त्या वर्षी तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. दर रविवारी पाहुणे यायचे, कांदेपोहे व्हायचे, आणि शरू पोह्यांतल्या मोहऱ्या बशीच्या कडेला ओळीनं लावत बसायची. असेच एक पाहुणे जाऊन ओसरी रिकामी झाली होती. आबा बराच वेळ शरूकडं बघत बसले. मग मला म्हणाले, "प्राजूला देतोच हाय न्हवं लोकाच्या घरी? मंग हिलाबी एक घर बगाय पायजे. आमी काय जल्माला पुरतोय?"

त्या दिवसापासून त्या हंगामात आमच्या घरात दोन मुलींची स्थळं बघणं चालू झालं. आबांनी दोन्ही कामं एकाच हातानं उचलली. येईल त्या पाहुण्याला ते आधी प्राजूसाठी विचारायचे आणि मग आवाज खाली आणून, "आणि आमच्या धाकटीसाठीबी एक ठिकाण बगतोय. कॉलेजच, पर राहून शिकायचं," असं सांगायचे. पाहुणे गोंधळायचे. एकानं तर मुलाचा फोटोच पाठवून दिला. आबांनी तो परत केला आणि त्या माणसाला चहासुद्धा विचारला नाही.

आता मागं वळून बघितलं की त्या उन्हाळ्यातलं सगळं मला वासांनी आठवतं. प्राजूच्या शालूचा वास, कैरीच्या पन्ह्याचा, आणि त्या त्या संस्थांच्या फरशीवर मारलेल्या फिनाइलचा. एक मोठ्या शहरातलं ठिकाण बघितलं. काचेचं दार, लिफ्ट, थंडगार ऑफिस. तिथल्या बाईंनी शरूकडं न बघता मला विचारलं, "बोलते का?" मी म्हटलं, "थोडं." त्या म्हणाल्या, "आम्हाला बोलणारी मुलं लागतात." न बोलणारी मुलं कुठं ठेवायची ते त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या एका ठिकाणी मुलीच घेत नव्हते. जबाबदारी नको म्हणाले. मुलीची जबाबदारी नको हे इतक्या हसतमुखानं सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तिसरं सांगलीत, माझ्या माहेरच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. माणसं फार चांगली, शिकवणं चांगलं, पण राहायची सोय नाही. माझा भाऊ लगेच म्हणाला, "आमच्याकडं राहील की." वहिनीही हो म्हणाली, पण त्या दिवशी माझ्या चहात साखर घालायची विसरली. मी तो चहा पिऊन संपवला आणि विषयही.

हळदीच्या बाजाराचे दिवस होते. सांगलीत रस्त्यानं जाताना नाकात हळद बसते. रिक्षात शरू माझा पदर नाकाशी धरून बसली होती आणि मी मनातल्या मनात देवाशी भांडत होते. एवढ्या मोठ्या जगात हिच्यासाठी एक खाट मिळू नये? पोरगी कुणाला मारत नाही, चोरत नाही, खोटं तर तिला बोलताच येत नाही. सरळ सांगायचं तर मला माझ्या मरणाची भीती वाटत नव्हती. माझ्या मरणानंतरच्या सकाळची वाटत होती, जेव्हा शरू उठून मशीनपाशी येऊन बसेल.

चौथं ठिकाण आबांनी शोधलं. वडूजला त्यांचा एक फौजेतला दोस्त दूध डेअरी चालवतो, त्याच्याकडून. वडूज मागं टाकून आटपाडीच्या दिशेला गेलं की एका माळावर असं कॉलेज आहे, राहायची सोय आहे, रोपवाटिका आणि स्वयंपाकाचं काम शिकवतात, मुलीही घेतात. आबांनी फोन करून दिवस ठरवला. आणि मग तेच केलं जे आमच्याकडं स्थळ बघायला जाताना करतात. क्रुझर सांगितली. भावकीतली दोन म्हातारी माणसं, सोसायटीचे चेअरमन असलेले चुलत सासरे, अक्का, आबांचा वडूजचा दोस्त, प्राजू, मी, शरू. आबा कडक इस्त्रीच्या धोतरात आणि फेट्यात. पायाशी पेढ्यांचा पुडा, नारळ, आणि तिथल्या मॅडमसाठी ब्लाउजपीस. तो ब्लाउजपीस मीच माझ्या ढिगातून काढून दिला होता, तेव्हा हसायचं तर मलाही हसा.

गाडीत माणसावर माणूस. शरू मागच्या सीटवर खिडकीशी, कानांवर ते आवाज अडवणारे हेडफोन, मांडीवर प्राजूचा हात. वडूज सोडल्यावर हिरवं कमी कमी होत गेलं. आमच्या नदीकाठच्या लोकांना असा उघडा माळ बघवत नाही. म्हातारी माणसं चुकचुकत होती. "काय गं बाई ह्यो मुलूख," अक्का म्हणाल्या. मधूनच मेंढरांचा एखादा कळप रस्ता ओलांडायचा आणि गाडी थांबायची. दर वेळी गाडी थांबली की एवढी शांतता व्हायची की शरूनं एकदा हेडफोन काढून मांडीवर ठेवले. ते फक्त प्राजूच्या आणि माझ्या लक्षात आलं.

मॅडम पन्नाशीच्या. सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. आमची वरात उतरताना बघून त्या क्षणभर फाटकातच थांबल्या. मग हसल्या आणि सगळ्यांना सावलीत बसवलं. आणि सुरू झालं. चेअरमनांनी विचारलं, जागा संस्थेची का भाड्याची? म्हाताऱ्यांनी विचारलं, पाणी कुठलं, विहीर का बोअर? अक्कांनी स्वयंपाकघर बघून घेतलं. आबांनी तर बराकीची तपासणी करावी तशी सगळी इमारत तपासली. खिडक्यांचे गज हलवून बघितले, न्हाणीघराची कडी आतून लावून बाहेरून उघडते का ते बघितलं, टाकीचं झाकण उचलून आत डोकावले. मॅडम त्यांच्या मागून फिरत होत्या आणि न कंटाळता उत्तरं देत होत्या.

मग त्या शरूसमोर येऊन खाली बसल्या, जमिनीवर. हात पुढं केला. शरूनं तो हुंगला. मॅडमनी हळू विचारलं, "शर्वरी, तुला इथं राहायचं आहे?"

"राहील की! न राहायला काय झालं?" चेअरमन म्हणाले.

"राहायचं आहे," शरू म्हणाली.

"बगा, म्हणली की नाय!" अक्कांना आनंद झाला. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. आबांनी पेढ्याचा पुडा सोडायला घेतला. "लय गुणी पोर हाय," ते म्हणाले. सगळे एकदम बोलायला लागले.

"ती माझा प्रश्न मला परत देते आहे," मॅडम म्हणाल्या. "हे तिचं उत्तर नाही."

पण तोवर शरू उठली होती. दोन्ही हात कानांवर, तोंडानं एकसुरी हुंकार. ती सरळ क्रुझरकडं गेली, मागच्या सीटवर जाऊन पालथी पडली, आणि मग कुणीही कितीही समजावलं तरी खाली उतरली नाही. पेढ्याचा पुडा आबांच्या हातात अर्धा सुटलेला तसाच राहिला. मॅडम म्हणाल्या, "आज मला तिची भेटच झाली नाही. तुमची सगळ्यांची झाली. पुन्हा आणा तिला, पण गर्दी नको. त्याशिवाय मला हो म्हणता येणार नाही."

आबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता हेही गेलं. "बाई," ते म्हणाले, "पोरीच्या मागं मानसं हायत हे तुमास्नी दिसाय नगं? उद्या कुनी म्हणंल, आणून टाकली आन गेली. आमी टाकाय आलो न्हाई."

मॅडमनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "माणसं दिसली, आबा. फार बरं वाटलं. इथं काही मुलं अशी आहेत की त्यांच्या मागं कुणी फिरकत नाही. पण आता मला मुलगी दिसू द्या."

परतीच्या वाटेवर वडूजला चहाला थांबलो तेव्हा आबा गाडीतून उतरलेच नाहीत. मी ग्लास खिडकीतून आत दिला. तो हातात धरून ते म्हणाले, "पुडच्या बारीला तू आन ती. दोगीच जावा."

मध्ये प्राजूचं लग्न झालं. नवरा मुलगा इस्लामपूरकडचा, बँकेत नोकरी. लग्नात डीजे नको हे प्राजूनं बैठकीतच सांगितलं होतं. व्याही हसले, पोरं रुसली, भावकीनं महिनाभर नावं ठेवली. डीजे नाही म्हणजे काय लग्न का तेराव्याचं जेवण! पण प्राजू हटली नाही. फक्त सनई लावली, तीही लांब, आंब्याखाली. मंगलाष्टकं चालू असताना शरू मांडवात माझ्या शेजारी शेवटपर्यंत उभी होती. मुठीतल्या अक्षता तिनं टाकल्या नाहीत, हुंगत राहिली. मी आजवर पुष्कळ लग्नं पाहिली, पण इतकं शांत आणि इतकं सुंदर लग्न पुन्हा पाहिलं नाही. आता दर सराईला भिंती हादरवणाऱ्या त्या आवाजात मी मशीनवर बसते आणि ती लांबून येणारी सनई आठवते.

प्राजू सासरी गेल्यावर आठवड्यानं शरू आणि मी एसटीनं निघालो. वडूजला गाडी बदलली. फाट्यावर उतरून माळावरून पायवाटेनं चालत गेलो. ऊन होतं, पण वारा होता. कुणीच बोलत नव्हतं, आणि न बोलण्याचं ओझंही नव्हतं. मॅडमनी आम्हाला बसवलंसुद्धा नाही. "फिरा," म्हणाल्या आणि आपल्या कामाला गेल्या. शरू पुढं आणि मी मागं. ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली, वास घेतला, पुढं गेली. झोपायच्या खोलीत एका गादीवर हात फिरवला. मग हिरव्या जाळीच्या मांडवात शिरली. तिथं चार-पाच मुलंमुली प्लास्टिकच्या ट्रेमधल्या छोट्या छोट्या खणांत माती भरत बसली होती. कुणी तिच्याकडं बघितलं नाही. एक मुलगा स्वतःशीच पुटपुटत होता, एक मुलगी डुलत होती. शरूनं ओली माती उचलली आणि नाकाशी धरली. खूप वेळ धरली. मग खाली बसली आणि एक ट्रे ओढून घेतला.

माती खणाच्या काठाबरोबर सारखी करत ती एकेक खण भरत गेली. मी जाळीच्या बाहेर उभी होते. मला हाक मारायची होती आणि मी मारली नाही. शेजारी मॅडम कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. "तिला विचारलं की अडचण होते," त्या म्हणाल्या. "तिला वेळ दिला की ती सांगते. आठ दिवस ठेवून जाता का?"

ठेवून आले. परतीच्या गाडीत कंडक्टरकडं सवयीनं दोन तिकिटं मागितली. त्यानं शेजारची रिकामी सीट बघितली, मी ती बघितली, आणि त्यानं एकच तिकीट दिलं. वडूजपर्यंत मी पदर तोंडात धरून रडले. लेक नांदायला गेल्यावर आया रडतात, त्याला जगात मान आहे. माझ्या त्या रडण्याला काय म्हणायचं ते मला ठाऊक नव्हतं. सोळा वर्षं माझे हात जिच्यात गुंतले होते, ते हात रिकामे मांडीवर घेऊन बसायची मला सवय नव्हती.

मॅडमचे फोन यायचे. पहिले दोन दिवस तिनं जेवण हुंगून बाजूला ठेवलं. "रडली का?" मी विचारलं. "रडली," त्या म्हणाल्या. लपवलं नाही, म्हणूनच माझा विश्वास बसला. नंतर भाकरी खाल्ली, मग माळावर एकटीच फिरून आली, मग दुसऱ्या मुलीच्या शेजारी आपली चटई टाकली. आठवड्यानं त्या म्हणाल्या, "जूनमध्ये घेऊन या."

मे महिना मी कपडे शिवण्यात घालवला. गिऱ्हाइकांचे नव्हेत, शरूचे. तिला आतली शिवण टोचते, म्हणून प्रत्येक शिवण दुमडून आत घेतली, गळ्याला कुठं लेबल ठेवलं नाही, बटणांऐवजी नाड्या लावल्या. सराईची गिऱ्हाइकं चिडली, एक तर ब्लाउजपीस परत घेऊन गेली. जाऊ दे म्हटलं. प्राजूचा रुखवत अक्कांनी वर्षभर जमवला होता. माझ्या लेकीचा रुखवत हा असा, एका पत्र्याच्या ट्रंकेत मावणारा.

शरूच्या पप्पांना त्या वर्षी रजा एकदाच मिळणार होती. त्यांनी पुतणीचं लग्न सोडलं आणि जून धरला. निघायच्या सकाळी अक्कांनी शरूच्या तळहातावर दही ठेवलं. तिनं ते हुंगलं आणि चक्क खाल्लं. भावकी न बोलावता जमली होती. क्रुझरमध्ये आम्हा तिघांशिवाय कुणी चढणार नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळे रस्त्याच्या कडेनं उभे होते. म्हातारी माणसं, चेअरमन, शेजारच्या बायका, माहेरी आलेली प्राजू. शरूला रडण्याचा आवाज सहन होत नाही, म्हणून एकही बाई आवाज काढून रडली नाही. सगळ्यांचे पदर तोंडावर, आणि डोळ्यांतून धारा. आमच्या गावात पाठवणी म्हणजे हंबरडा. इतकी मुकी पाठवणी गावानं पहिल्यांदाच केली. आबा मात्र त्यात नव्हते. ते उसात गेले होते.

हे सगळं मला आत्ता आठवतं आहे ते त्या मसूरच्या बाईच्या ब्लाउजाची बाही लावता लावता. अशा सराईत काम करताना मन आपलं आपण हिंडत असतं. शरू आता तिसऱ्या वर्षाला आहे. रोपं करते, भाकरी थापते, स्वतःचे कपडे धुते, आणि कुणी फार बडबडलं तर "आवाज" एवढंच म्हणून उठून जाते. हे शेवटचं मलाही शिकायचं आहे. पुढं तिला तिथंच कामाला ठेवायचं म्हणतात. होईल की नाही ठाऊक नाही. पण तिच्याबद्दलची माझी भीती होती तेवढी राहिली नाही. ती कधी कमी झाली असं कुणी विचारलं तर मला सांगता येतं. पहिल्या नागपंचमीला.

पंचमीला आमच्याकडं लेकी माहेरी येतात, आणि आपल्या आपण येत नाहीत. त्यांना आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. त्यानं लेकीला घेऊनच यायचं असतं. रिकामा मुराळी परत आला तर सासर आणि माहेर दोघांचाही तो अपमान. प्राजूला आणायला तिचा भाऊ गेला. आबांनी फेटा बांधला, पिशवीत लाडू घेतले आणि म्हणाले, "शरूला आनाय मी जातो." मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, "जरूर या. पण तिला विचारून न्या."

पंचमीच्या आदल्या दिवशी आबा गेले. पंचमीला सकाळी प्राजू आली. बांगड्या भरून झाल्या, चिंचेला झोका बांधून झाला. मी पुरणाची दिंडं उकडायला ठेवली होती. शरूला दिंडं आवडतात, गार झाल्यावर. दुपार व्हायला आली तरी गाडी आली नाही. मग फोन वाजला.

"अगं पोरी," आबा म्हणाले, "ती न्हाई म्हणली."

"म्हणजे काय, आबा? बरी आहे ना?"

"बरी हाय. काल आल्यापून हितंच बसलोय तिच्यासंगं. सकाळी इचारलं, शरू, घरला येतीस का? आन गप बसलो. बाईनं सांगितल्यागत. मधी एक सबुद बोललो न्हाई. लय येळ बसलो बग. मंग तिनं माज्याकडं बगितलं आन म्हणली, 'नाही. शनिवार.' रोपास्नी पानी घालायची ड्युटी हाय तिची. भिंतीवर रोजच्या कामाची चित्र लावल्यात, त्यात शुक्रवारपातूर हाय. बोट लावून दाखिवली मला."

"मग तुम्ही परत निघताय?"

"रिकामा? मुराळी रिकामा येतो व्हय? बाईनं खाट दिलीया, राहतो शनिवारपातूर. आन ड्युटी टाकून कोन रजेवर निगतं का गं? मी तरी कवा निगालो का?"

मागं कुठंतरी पाण्याचा पाइप चालू असल्याचा आवाज येत होता. आबा पुन्हा बोलले तेव्हा त्यांचा आवाज पार ओला झाला होता.

"माज्या तोंडावर न्हाई म्हणली गं पोरगी. आपल्या घरात माज्या तोंडावर कुनी न्हाई म्हणत न्हाई."

मी फोन ठेवला आणि हसत होते की रडत होते मला कळेना. प्राजूनं काय झालं म्हणून विचारलं. मी तिला सांगितलं. तिनं उठून गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं, आणि बाहेर जाऊन पोरांना सांगितलं की झोका सोडायचा नाही.

त्या वर्षी आमच्या घरात पंचमी शनिवारी झाली.